बायफोकल घ्यायचं की नाही

निकिताला दहावीला एक्क्याऐंशी टक्के पडले, आणि त्याच रविवारी तिच्या पुढच्या आयुष्याचा निकाल लावायला तिचे काका सिन्नरहून पहिल्या एस.टी.नं सातपूरला आले.

काकांचं नाव महेश. निकिताचे वडील रंगनाथ यांचे ते धाकटे भाऊ. सिन्नरच्या एका कारखान्याच्या ऑफिसात आलेली-गेलेली पत्रं लावून ठेवायचं त्यांचं काम, पण बोलायला बसले की कारखाना त्यांच्याच जिवावर चाललाय असं वाटावं. आल्या आल्या त्यांनी खिशातून वर्तमानपत्राचं कात्रण काढलं, मांडीवर ठेवून तळहातानं सरळ केलं आणि चहा ठेवणाऱ्या निकिताच्या आईकडे बघून म्हणाले, "वहिनी, हे वाचलंत का?"

नवसाबाईनं वाचलं नव्हतं आणि तिला वाचायचंही नव्हतं. महेशभाऊजींची कात्रणं ती चांगली ओळखून होती. चार वर्षांपूर्वी त्यांनी असंच एक कात्रण आणून सायखेड्याच्या घरच्या रानात कोरफड लावायला लावली होती. ती कोरफड शेवटी गावातल्या बायकांनी केसांना चोळून संपवली.

"एकतीस डिसेंबर संपला, की जगातले सगळे कॉम्प्युटर बंद पडणार," भाऊजी म्हणाले. "सगळे! विमानं, बँका, टेलिफोन. दोन हजार साल त्यांना कळतच नाही. आता जून चाललाय. म्हणजे सहा महिन्यांनी जी वस्तू भंगारात जाणार, ती शिकायला तुम्ही पोरीला दोन वर्षं बसवणार?"

प्रश्न असा होता. निकिता अकरावी सायन्सला जाणार हे नक्की होतं. तिथं एक तर बायोलॉजी घ्यायचं, नाहीतर बायोलॉजी आणि मराठी सोडून त्या जागी दोनशे मार्कांचा कॉम्प्युटर घ्यायचा. त्याला बायफोकल म्हणत. एकदा फॉर्मवर लिहिलं की बारावीपर्यंत बदलता येत नव्हतं, आणि फॉर्म भरायला आठ दिवस उरले होते.

रंगनाथ एका कारखान्याच्या प्रेसशॉपमध्ये, पत्र्याला आकार देणाऱ्या मशीनवर काम करायचा. मशीनच्या आवाजात वीस वर्षं काढल्यामुळे तो घरी कमी बोले आणि ऐके त्याहून कमी. "मग बायोलॉजी घेऊ दे," तो म्हणाला. "नर्सिंगला जाईल."

"नर्सिंग कशाला? डी.एड. करा. शिक्षिकेला सुट्ट्या असतात," भाऊजी म्हणाले.

निकिता कोपऱ्यात मेथी निवडत बसली होती. भाऊजींनी तिच्याकडे वळून, लहान मुलाला चॉकलेट हवं का विचारतात तसं विचारलं, "काय गं निकू, तुझं काय म्हणणं?"

"तुम्ही ठरवा," ती म्हणाली आणि मेथीची पिवळी पानं बाजूला काढत राहिली.

"बघा! किती समजूतदार आहे!" भाऊजी खूश झाले.

खरं म्हणजे त्या घरात या विषयावर तोंड उघडायचा हक्क कुणाला असेल, तर तो नवसाबाईला होता. ज्या कॉलेजात निकिताला घालायचं चाललं होतं, त्याच कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये ती चार वर्षं कामाला होती. कागदावर तिचं पद अटेंडंट, पण सगळे तिला मावशी म्हणत. लॅबच्या किल्ल्या तिच्या कमरेला. सकाळी कुलूप काढायचं, कॉम्प्युटरवरची प्लॅस्टिकची आच्छादनं झटकून घडी करायची, एसी लावायचा, आणि मग दाराशी स्टूल टाकून पोरांच्या चपला मोजत बसायचं. दारावर तांबड्या अक्षरांत पाटी होती: 'चपला बाहेर काढा. व्हायरसपासून सावध राहा.' ती पाटी लॅबचे मुख्य देवरे सर यांनी स्वतः लिहून घेतली होती. व्हायरस चपलेला चिकटून येतो असं सरांना खरंच वाटायचं की पोरांना धाक म्हणून ते तसं म्हणायचे, हे नवसाबाईला चार वर्षांत उमगलं नव्हतं. सर स्वतः मात्र बूट घालून आत जायचे.

आत बारा मशिनं होती. त्यातली सहा चालायची. त्या सहांवर पुढच्या बाकावरची पोरं बसायची, त्यांच्या खांद्यांवरून मागची पोरं बघायची, आणि पोरी भिंतीला टेकून वह्यांमध्ये छापील कागद उतरवून घ्यायच्या. देवरे सर गाइड उघडून वाचून दाखवायचे. एखाद्यानं शंका विचारलीच तर सर चष्मा काढून पुसायचे आणि म्हणायचे, "हे पुढच्या वर्षी आहे." बारावीच्या पोरानं विचारलं तर म्हणायचे, "हे मागच्या वर्षी झालंय." परीक्षेला बाहेरचे सर यायचे, त्यांना पोहे दिले जायचे, आणि सगळ्यांचे प्रोग्रॅम बरोबर यायचे.

नवसाबाई रोज संध्याकाळी घरी येऊन हे सगळं करून दाखवायची. चष्मा पुसायची, गाइड वाचायची, प्रिन्सिपॉल कॉम्प्युटरला लांबून नमस्कार केल्यासारखे कसे बघतात ते दाखवायची. तिच्या जिभेला धार होती आणि तिला ते माहीत होतं. रंगनाथ हसून हसून खोकायचा. निकिताही हसायची. अलीकडे जरा कमी हसायची, पण दहावीचं वर्ष, अभ्यासाचा ताण असेल असं नवसाबाईनं धरलं होतं.

"नाय घ्यायचं बायफोकल," चहाचे कप पुढे सरकवत ती म्हणाली. "तिथं कॉम्प्युटर शिकवतच नायत, तर घ्यायचा कशाला? मी बघते ना रोज. लय मोठं नाव आन् आत नुसता गारवा."

"म्हणजे वहिनी, तुम्ही माझ्याच बाजूला!" भाऊजींनी मांडीवर थाप मारली.

नवसाबाईच्या तोंडाची चव गेली. आयुष्यात पहिल्यांदा तिचं आणि या माणसाचं मत एक झालं होतं. आपलं काहीतरी चुकतंय की काय, अशी शंका तिला तेव्हाच यायला हवी होती.

रंगनाथनं मात्र शर्टाच्या खिशातून कॉलेजचं पत्रक काढलं. गुरुवारी पालकांसाठी सभा होती, बायफोकलची माहिती द्यायला. "एकदा ऐकून तर येऊ," तो म्हणाला. "नाय घ्यायचं तर नाय घेऊ."

गुरुवारी लॅबमध्ये पंचवीसेक पालक दाटीवाटीनं उभे होते. महेशभाऊजी रजा टाकून आले होते आणि कात्रण हातात धरून पहिल्या रांगेत उभे होते. रंगनाथ मागच्या भिंतीपाशी, फर्स्ट शिफ्ट करून थेट आलेला. निकिता त्याच्या शेजारी. नवसाबाई चहाचा ट्रे घेऊन दाराशी. तिनं भाऊजींना आधीच बजावून ठेवलं होतं, की मी तुमची वहिनी आहे हे इथं कुणाला सांगू नका. त्यांनाही ते सोयीचंच होतं.

प्रिन्सिपॉल बाजूला उभे होते. देवरे सरांनी भाषण सुरू केलं. एकविसावं शतक हा शब्द त्यांनी पहिल्या पाच मिनिटांत नऊ वेळा वापरला. नवसाबाई मोजत होती. मग त्यांनी बारावीच्या एका पोराला मशीनवर बसवलं. पडद्यावर 'स्वागतम्' असं इंग्रजी अक्षरांत उमटलं, भोवती चांदण्या लुकलुकल्या आणि टूं टूं आवाज आला. पालकांनी टाळ्या वाजवल्या. ती चांदण्यांची फ्लॉपी दरवर्षी हीच असायची. ती कपाटातून काढून द्यायचं काम नवसाबाईचंच होतं.

"काही शंका?" सरांनी विचारलं.

भाऊजींनी कात्रण उंच केलं. "सहा महिन्यांनी हे सगळं बंद पडणार आहे, त्याचं काय?"

पालकांत कुजबुज झाली. सरांनी चष्मा काढला आणि पुसला. "असं आहे," ते म्हणाले, "आपल्या लॅबला काही भीती नाही. आपल्या मशिनी उत्तम प्रतीच्या आहेत. शिवाय लॅब पूर्ण वातानुकूलित आहे."

"पण पेपरात छापून आलंय!"

"पेपरवाल्यांना काय कळतं?"

"मग तुम्ही सांगा ना, नक्की काय होतं ते!"

"ते फार तांत्रिक आहे. पालकांच्या पातळीवर सांगता येणार नाही."

दोघंही एकमेकांकडे बघत राहिले. एकाला कात्रणापलीकडे काही माहीत नव्हतं आणि दुसऱ्याला गाइडापलीकडे. नवसाबाईला हसू फुटत होतं. हे घरी करून दाखवायला किती रंगेल, याचा ती मनात हिशेब घालत होती. तेवढ्यात मागून आवाज आला.

"सर, करूनच बघू या ना."

निकिता होती. ती माणसांतून वाट काढत पुढे आली.

"काय करून बघायचं?" सर म्हणाले.

"तारीख पुढे नेऊन बघायची. एकतीस डिसेंबर टाकायची आणि थांबायचं." एवढं बोलून ती उजवीकडच्या चौथ्या मशीनपाशी जाऊन बसली. भिंतीवरचं बटण दाबलं, मग डब्याचं, मग पडद्याचं. नवसाबाईच्या लक्षात आलं, की पोरीनं सहा चालू मशिनांतलंच एक बरोबर निवडलं होतं.

"ए मुली! हात लावू नकोस!" सर ओरडले. "मावशी, हिला बाहेर घ्या आधी!"

सरांना ती कुणाची मुलगी ते माहीत नव्हतं. मावशीला मुलंबाळं आहेत का, हे त्यांनी चार वर्षांत विचारलं नव्हतं. सगळ्यांच्या माना दाराकडे वळल्या. नवसाबाई ट्रे घेऊन जिथं होती तिथंच उभी राहिली. चार वर्षांत सरांचा एकही शब्द तिनं खाली पडू दिला नव्हता.

"मावशी, ऐकू येत नाही का?"

"येतंय," नवसाबाई म्हणाली. "चहा सांडंल."

तोवर निकितानं काळ्या पडद्यावर काहीतरी टाइप केलं होतं. तिची बोटं भराभर चालत नव्हती. एकेक अक्षर शोधत होती, पण कुठलं शोधायचं ते तिला ठाऊक होतं. "एकतीस डिसेंबर नव्याण्णव," ती मोठ्यानं म्हणाली. "रात्रीचे अकरा एकोणसाठ. आता मिनिटभर थांबायचं."

पंचवीस पालक, प्रिन्सिपॉल, देवरे सर आणि महेशभाऊजी श्वास रोखून उभे राहिले. एका बाईनं तर पदर तोंडाला लावला, जणू डबा फुटणार होता. एसी घरघरत होता. निकितानं पुन्हा काहीतरी टाइप केलं आणि पडद्याकडे बोट दाखवलं. एक जानेवारी दोन हजार, शनिवार.

"बघा!" सर म्हणाले. "मी काय म्हणत होतो? काही होत नाही!"

"थांबा सर. अजून बंद करून चालू करायचंय." तिनं मशीन बंद केलं, दहा आकडे मोजले, चालू केलं. पडदा उजळला. तारीख आली: चार जानेवारी एकोणीसशे ऐंशी.

"गेलं! वीस वर्षं मागं गेलं!" भाऊजी जवळजवळ नाचले. "मी काय म्हणत होतो?"

"गेलं नाही काका, फक्त चुकलंय," निकिता म्हणाली. "आतलं घड्याळ वर्षाचे दोनच आकडे पुढे ढकलतं. शून्य शून्य आलं की त्याला कळत नाही. आपण हातानं दोन हजार सांगायचं." तिनं सांगितलं, मशीन परत बंद-चालू केलं, आणि या वेळी तारीख बरोबर राहिली. मग तिनं आजची तारीख घातली, मशीन बंद केलं आणि ओढणी सारखी करत उठली.

कुणीतरी टाळी वाजवायला सुरुवात केली, पण प्रिन्सिपॉल वाजवत नाहीत हे पाहून थांबलं. देवरे सर घसा खाकरून म्हणाले, "आमच्याकडे अकरावीच्या आधीच विद्यार्थी असे तयार होतात." त्या मुलीला आपण पाच मिनिटांपूर्वी बाहेर काढत होतो, हे ते तेवढ्यात विसरले होते. आणि महेशभाऊजी शेजारच्या माणसाला कात्रण दाखवून सांगत होते, की मशीन मागे जाणार हे आपण रविवारपासून सांगतोय. दोघांचंही खरं ठरलं होतं. दोघांनीही चहा घेतला.

नवसाबाईनं कप धुतले, लॅबला कुलूप लावलं आणि निकिताला घेऊन बसस्टॉपवर उभी राहिली. रंगनाथ आणि भाऊजी आधीच्या बसनं गेले होते. सातपूरची बस आली. जागा मिळाल्यावर तिनं विचारलं, "कधी शिकलीस?"

"मे महिन्यात. तू साफसफाईला यायचीस तेव्हा मी नाही का यायचे?"

"तू एसीत झोपायला येतीस असं वाटलं मला."

"तू बाहेर स्वेटर विणत बसायचीस. आत कपाटात मशिनबरोबर आलेली पुस्तकं होती. कुणी उघडलेलीच नव्हती. पानं चिकटलेली होती." निकिता खिडकीबाहेर बघत होती. "महिनाभर मी तेवढंच केलं. काका रविवारी बोलले तेव्हा मला आठवलं, पुस्तकात घड्याळाचं होतं."

"मग रविवारी बोलली का नाय? तुम्ही ठरवा म्हणाली ती? मला तरी सांगायचं."

कंडक्टर तिकिटं फाडून पुढे गेला.

"तुला सांगितलं असतं, तर तू संध्याकाळी पप्पांना करून दाखवलं असतंस," ती म्हणाली. "मी कशी बोटानं अक्षरं शोधते ते. तू सगळ्यांचीच नक्कल करतेस, आई. सरांची, काकांची, शेजारच्या कलाबाईंची. मला वाटलं, माझीही करशील."

खरं होतं ते. आज लॅबमध्ये ती पोरगी एकेक अक्षर शोधत होती, तेव्हा नवसाबाईच्या मनाच्या एका कोपऱ्यानं ती बोटं टिपून ठेवली होती. घरी करून दाखवायला. इतकी जुनी खोड होती ती. देवरे सर आपल्याला ओळखत नाहीत म्हणून ती चार वर्षं त्यांना हसत होती, आणि आपली स्वतःची पोरगी महिनाभर दहा पावलांवर काय करत होती ते तिला माहीत नव्हतं. तिला स्वतःची शरम वाटली, आणि ती भावना तिला फारशी ओळखीची नव्हती.

"तिथं शिकवत नायत काही," ती म्हणाली. "हे मी थट्टा म्हणून नाय सांगत."

"माहितीय मला. पण मशीन आहे ना. आपल्या घरी ते तरी कुठंय?"

"पोरं बसू देत नायत पोरींना."

"तेही माहितीय."

"आन् तरी घ्यायचंय?"

"हो."

त्या दोघी घरी पोचल्या तेव्हा महेशभाऊजी जेवायला थांबले होते. त्यांनी भाकरी मोडता मोडता नवा निर्णय जाहीर केला: दोन हजार सालानंतर बंद पडलेले कॉम्प्युटर दुरुस्त करायला माणसं लागणार, तेव्हा निकूनं बायफोकलच घ्यावं, आपण हे पहिल्यापासून म्हणत होतो. रंगनाथ मान हलवत होता. नवसाबाई ताट वाढून म्हणाली, "भाऊजी, तिचं ठरलंय. तिनं ठरवलंय. आता तुम्ही जेवा." तेवढ्यावर विषय संपला. निकितानं स्वतः फॉर्म भरला आणि रंगनाथनं न वाचता सही केली.

सोमवारी नवसाबाई प्रिन्सिपॉलच्या केबिनमध्ये गेली. हातात चहाचा ट्रे नसताना ती तिथं पहिल्यांदाच गेली होती. म्हणाली, "साहेब, लॅबमधी पाळी लावा. हजेरीच्या नंबरानं. पोरींना मशीन मिळत नाय."

"मावशी, ते देवरे सर बघतात. तुम्हाला त्यातलं काय कळतं?"

"काय नाय कळत. पण रोज मशिनं मी पुसते. त्यांच्यापुढं कोण बसतं ते मला दिसतं. आठवड्यातनं दोन दिवस सकाळी सातला मी लॅब उघडते, पोरींसाठी. मला जादा काही नको."

प्रिन्सिपॉलनी आधी नाही म्हटलं, मग बघू म्हटलं, आणि पंधरा दिवसांनी एकच दिवस दिला, शनिवार, सात ते आठ. देवरे सरांनी त्याची नोटीस आपल्या नावानं लावली. पहिल्या शनिवारी तीन पोरी आल्या. दिवाळीपर्यंत अकरा झाल्या. इतर दिवशी पुढच्या बाकावरची पोरं अजूनही तशीच मशिनं अडवत होती, आणि निकिताचं एकाशी जोरात भांडण होऊन तिला दोन दिवस लॅबबाहेर उभं राहावं लागलं. त्या दोन दिवसांत ती आईच्या स्टुलाशेजारी उभी होती. आईनं त्या पोराच्या चपला पार जिन्याखाली नेऊन ठेवल्या.

बारावीला निकिताला कॉम्प्युटरमध्ये दोनशेपैकी एकशे अठ्ठ्याऐंशी मिळाले. इंजिनीअरिंगला तिचा नंबर लागला नाही. फिजिक्सनं दगा दिला. तिनं नाशकातच बी.एस्सी. कॉम्प्युटरला प्रवेश घेतला. पहिल्या सहामाहीनंतर ती घरी येऊन रडली, कारण ती जे स्वतःच शिकली होती त्यातलं निम्मं चुकीचं होतं आणि आता ते पुसून नव्यानं शिकावं लागत होतं. नवसाबाई जवळ बसली आणि तिनं पाठीवरून हात फिरवला. देवरे सरांबद्दल एक बोचरं वाक्य तिच्या जिभेवर आलं होतं. ते तिनं गिळलं. दोन हजार चार साली निकिताला सातपूरच्याच एका कारखान्यात, स्टोअरचा सगळा माल कॉम्प्युटरवर आणायच्या कामावर नोकरी लागली. लॅबमध्ये तिचं नाव फळ्यावर लागलं, देवरे सरांच्या मार्गदर्शनाखाली यश मिळवलेली विद्यार्थिनी म्हणून.

त्या जूनमध्ये कॉलनीतली नवी भाडेकरू सिंधुबाई नवसाबाईकडे आली. तिच्या मुलीची दहावी झाली होती. बायफोकल घ्यावं की बायोलॉजी, नवऱ्याचं एक म्हणणं, दिराचं एक, आणि क्लासवाले सर तिसरंच सांगतात, असं ती बराच वेळ सांगत राहिली. "तुम्ही लॅबमध्ये असता ना बाई, म्हणून म्हटलं तुम्हालाच विचारावं. तुम्ही सांगा, काय घेऊ?"

"पोरगी कुठंय?" नवसाबाईनं विचारलं.

"घरी आहे. अभ्यास करतीय."

"मग तू हितं काय करतीस?"